आबांची पडताळणी

तपासणीला बाई येणार म्हणून त्या दिवशी मी सकाळपासून नऊ मुलांची नऊ नाकं पुसत होते. शेवटच्या नाकापर्यंत पोचेस्तोवर पहिलं परत वाहायला लागायचं. शेवटी मी नाद सोडला आणि मुलांना सांगितलं, बाई आल्या की त्यांच्याकडे पाठ करून बसा. मुलांनी कधी नव्हे ते ऐकलं. बाई दारात आल्या तेव्हा त्यांना ओळीनं नऊ पाठी दिसल्या आणि मला हसू फुटलं. नको तिथं हसू फुटणं हे माझं जुनं दुखणं. माझ्या पाठवणीच्या वेळी सगळ्या मावश्या रडत होत्या आणि मी टेम्पोत बसून हसत होते, कारण टेम्पो सुरूच होत नव्हता आणि रडत निरोप दिलेल्या भावांनाच तो ढकलावा लागत होता.

भोरला बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत आमचं घर आहे. तीन खोल्या, पुढे ओटा, मागे नळ. पुढच्या मोठ्या खोलीत मी सहा वर्षं झाली पाळणाघर चालवते. मुलं दीड वर्षापासून चार वर्षांपर्यंतची. कुणाची आई कॉलेजात कारकून, कुणाची नसरापूरला दुकानात, एकीची आई एसटीत कंडक्टर. आई वेल्ह्याची फेरी करून येईपर्यंत पोरगी माझ्याकडे. एका संस्थेची आम्हाला मान्यता असते आणि ती दर वर्षी नव्यानं घ्यावी लागते. त्यासाठी ही तपासणी. मान्यता नसेल तर मुलं ठेवायची नाहीत, असा सरळ हिशेब.

बाई तरुण होत्या, कामाच्या होत्या. चहा नको म्हणाल्या, नियमात बसत नाही. मग पाणी प्यायल्या आणि गॅसची टाकी, संडासाची कडी, बटणांची पेटी, औषधांचा डबा, सगळं बघत फिरल्या. शेवटी मुलांजवळ मांडी घालून बसल्या. कंडक्टर बाईंच्या पोरीपुढे लाकडी ठोकळे ठेवून म्हणाल्या, "मोज बरं." पोरगी अडीच वर्षांची, पण तोंडाची टकळी. तिनं एकेका ठोकळ्यावर बोट ठेवत ठसक्यात मोजलं, "लाभ, दोन, तीन, चार."

बाईंनी पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा लाभ. मग दुसऱ्याला, तिसऱ्याला विचारलं. नऊच्या नऊ मुलांचा आकडा लाभापासून सुरू होत होता. मी तोंडाला पदर लावला.

हे सगळं आबांचं देणं. आबा म्हणजे माझे सासरे. लग्न झाल्यावर मी त्यांना मामा म्हणायचे, पण पाळणाघरातली पोरं आबा म्हणायला लागली तशी मीही आबाच म्हणायला लागले. मूळचे गुंजवण्याकडचे. शेत आणि वाडी धरणात गेली, तेव्हा भोरला आले आणि एका भुसार दुकानात मापाडी म्हणून लागले. भाताची पायली भरायची, टाकायची, मोजायची. धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. पुढे काटा आला, पायल्या माळ्यावर गेल्या, आबा घरी बसले, पण जीभ काही बदलली नाही. स्टँडवर किती एसट्या उभ्या आहेत ते सांगतानाही पहिली एसटी लाभच.

आणि माझं अर्धं पाळणाघर त्यांच्या त्या जिभेवर चालतं. दुपारी जेवणं झाली की आबा खोलीच्या मधोमध बसतात, चटईवर हातानं ठेका धरतात आणि माप टाकायला लागतात. हातात पायली नसते, पुढ्यात भात नसतं. "लाऽभ, लाभ. दोऽन, दोन. तीऽन, तीन." चाल एकच, वर नाही, खाली नाही. पंधरापर्यंत चुळबुळ थांबते, तीसला जांभया, पन्नास पायल्यांच्या आत नऊ पोरं गाढ झोपलेली. मी सहा वर्षांत एकाही मुलाला झोपवलेलं नाही. त्या वेळात मी भांडी घासते.

चार दिवसांनी संस्थेचं पत्र आलं. सात शिफारशी, आणि एका महिन्याच्या आत कार्यवाहीचा अहवाल. आबांना कागद दुसऱ्यानं वाचून दाखवलेला लागतो. मी ओट्यावर बसून वाचायला लागले आणि ते बोटांची पेरं मोजत ऐकायला लागले. स्वयंपाकघराला अर्ध्या उंचीचं दार करावं. बटणांना झाकणं बसवावीत. बादलीत पाणी भरून ठेवू नये. औषधांना कुलूप. येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंदवही ठेवावी. सहावी, मुलांची अंकओळख प्रमाण पद्धतीनं करून घ्यावी. तिथं आबा खुदकन हसले. सातवी, घरातल्या सर्व प्रौढ व्यक्तींची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्यावी आणि ती सादर होईपर्यंत अशा व्यक्तींचा मुलांच्या खोलीत वावर नसावा.

माझी पडताळणी झालेलीच होती. नवऱ्याची कंपनीत लागतानाच झाली होती. राहिले आबा.

आबांचं हसू मावळलं. उठले, आत जाऊन आपलं घोंगडं आणि तंबाखूची डबी घेऊन आले आणि ओट्याच्या टोकाला बसले. "म्या हितं बसतो," म्हणाले.

"आबा, अजून महिना आहे. फॉर्म भरला की झालं."

"ठिव तितं. बगतो."

त्यांना अपमान वाटला असेल असं मला वाटलं. मलाही वाटला होता. उभा जन्म दुसऱ्याचं धान्य मापलं, मूठभर इकडचं तिकडं केलं नाही, आणि आता म्हातारपणी चारित्र्य तपासायचं. मी मनातल्या मनात बाईंना चार शब्द सुनावले आणि कामाला लागले. फॉर्म त्यांच्या उशाशी ठेवला.

बाकीच्या शिफारशी सोप्या वाटत होत्या. सुताराकडून स्वयंपाकघराला अर्धं दार करून घेतलं. कडी आतून, वरच्या बाजूला, मुलांचा हात पोचणार नाही अशी. दोन दिवसांत मुलांनी लाटण्यानं कडी उडवायचं तंत्र काढलं. मला मात्र दोन्ही हातांत पातेलं असलं की ते दार उघडता येईना. मी नेसूचं सावरून दारावरून टांग टाकायला लागले. एकदा नेमका नवरा दारात. रात्री जेवताना म्हणाला, "पळायचा विचार असला तर पुढचं दार उघडंच असतं."

नोंदवहीनं तर गल्लीत हाहाकार केला. मी शंभर पानी वही आणली, रकाने आखले. नाव, येण्याचं कारण, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही. आमच्या गल्लीत कुणी कुणाच्या घरी जाताना दार वाजवत नाही, तर लिहून कोण जाणार, असा माझा अंदाज. तो साफ चुकला. समोरच्या आजी प्रौढ शिक्षणात सही शिकल्या होत्या आणि बँकेत सोडून ती वापरायची संधी त्यांना मिळत नव्हती. त्या दिवसातून पाच वेळा यायला लागल्या. सही करायच्या, तिच्याकडे डोकं तिरकं करून बघायच्या आणि जायच्या. त्यांचं बघून बाकीच्या. ज्या बाया वर्षानुवर्षं माझ्या दारावरून सरळ नळाला जायच्या, त्याही आत डोकावायला लागल्या, कारण हिचं नाव वहीत आणि माझं नाही म्हणजे काय. कारणांच्या रकान्यात काय काय यायचं. बसायला. सहज. विरजण. विरजण चांगलं लागलं हे सांगायला. घरी भांडण झाल्यामुळे. एकीनं प्रामाणिकपणे लिहिलं होतं, हिच्याकडे एवढं कोण येतं ते बघायला.

पण दुपार झाली की हसणं बंद. आबा ओट्यावर, पोरं आत. पहिल्या दिवशी मी चटया घातल्या, पडदे ओढले, मांडीवर हात आपटत बसले. नऊ जोडी डोळे माझ्याकडे. मोजू लागले तर सहावी शिफारस आठवली. म्हटलं चला, एका दगडात दोन पक्षी, झोपही आणि अंकओळखही. "एऽक, एक," मी सुरू केलं. मुलं उठून बसली. कंडक्टर बाईंची पोरगी म्हणाली, "लाभ आहे."

"आता एक म्हणायचं. आधी एक."

मुलं शहाणी. त्यांनी माझंही मन मोडलं नाही आणि आबांचंही नाही. आधी एक, मग लाभ, मग दोन. "एक, लाभ, दोन, तीन." सगळ्यांनी एका सुरात ते पाठ केलं आणि त्यानंतर आमच्या घरात कुठलीच गोष्ट पुरी भरेना. नऊ चमचे मोजले की आठ. नऊ ताटल्या, आठ. एकदा त्यांनी एकमेकांना मोजलं आणि एक जण हरवला म्हणून चार वर्षांचा थोरला रडवेला होऊन कॉटखाली वाकून बघायला लागला. बाकीचे आठ त्याच्या मागे. मीही क्षणभर घाबरून डोकी मोजली, आणि माझ्याही तोंडून एकनंतर लाभ आला. मी भिंतीला टेकून इतकी हसले की ओट्यावरून आबांनी विचारलं, "काय झालं गं?" सांगितल्यावर त्यांच्या मिशा हलल्या. पण आत आले नाहीत.

मुलं न झोपता चार वाजेपर्यंत ताठ राहायची आणि मग एकेक करून बिथरायची. एक रडला की साथ लागायची. कंडक्टर बाईंची पोरगी खिडकीचे गज धरून उभी असायची. "आबा, माप," म्हणायची. आबा तिच्याकडे बघायचेच नाहीत. पाठ फिरवून रस्त्याकडे बघत बसायचे. मग तीही फतकल मारून खाली बसायची आणि गजाला डोकं लावून रुसायची. तिची आई संध्याकाळी न्यायला आली की विचारायची, "ताई, हिला दुपारी झोपवत नाही का? एसटीत पेंगते, घरी जेवत नाही." संस्थेकडे मान्यता मागायची तर आबा बाहेर हवेत, आणि आबा बाहेर असले तर चार दिवसांत आया मुलं काढून नेणार. इकडे आड तिकडे विहीर.

आणि फॉर्म उशाशी तसाच. तीन आठवडे झाले. मी रोज विचारायची, ते रोज "बगतो" म्हणायचे. एकदा चष्मा सापडत नाही म्हणाले, तो नाकावर होता. शेवटी एका दुपारी आत नऊ पोरांनी आकांत मांडलेला, दुधाचं पातेलं उतू गेलेलं, अर्ध्या दारावरून टांग टाकताना माझी साडी फाटलेली. मी तशीच ओट्यावर गेले आणि सासऱ्यांशी कधी बोलू नये अशा आवाजात बोलले. म्हटलं, "आबा, तुम्हाला माझं पाळणाघर बंद पाडायचंय का? एक सही होत नाही तुमच्याच्यानं?"

आबा कितीतरी वेळ घोंगड्याच्या दशा सारख्या करत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "माज्या नावावर पोलिसात क्येस हाय."

मी त्यांच्याजवळ बसले.

"धरनाच्या टायमाला," ते म्हणाले. "आमी समदे रस्त्यात बसलो व्हतो. पोलिसांनी उचललं, गाडीत घातलं, चौकीत न्येलं. समद्यांची नावं लिवून घ्येतली. संध्याकाळी च्या-बिस्कीट दिलं आन् सोडलं. नाव हाय माजं तितं. तू फारम भरशील, त्ये वही काढतील. गुन्हेगाराच्या घरात पोरं ठिवतात व्हय, म्हनतील. तुजं बंद व्हईल माज्यापायी. त्यापरीस म्या भाईर बसतो. मरस्तोवर बसतो."

"घरात कुणाला माहीत आहे हे?"

"कुनाला न्हाई. तुज्या सासूला बी न्हाई. त्या दिशी नसरापूरच्या पावन्यांच्या पोरीचं लगीन व्हतं. तिला सांगितलं, तितं गेल्तो. तिनं इचारलं, जेवायला काय व्हतं? माज्या त्वांडातनं निघून ग्येलं, च्या-बिस्कीट."

आता मला कळलं. माझ्या सासूबाई जाईपर्यंत नसरापूरच्या त्या पाहुण्यांना चिकट म्हणायच्या. पोटच्या पोरीच्या लग्नात चहा-बिस्किटावर बोळवण करणारे लोक, त्यांच्याकडे पाणीही पिऊ नये म्हणायच्या. माझ्या लग्नात त्या घराला पत्रिकाही गेली नव्हती. आणि त्या बिचाऱ्यांना आजतागायत कारण माहीत नाही. मला हसू फुटलं. आबांचा चेहरा पडलेला, आत पोरं रडतायत आणि मी ओट्यावर पोट धरून हसतेय.

आबा संतापले. "हसतीस काय? क्येस हाय म्हनलो म्या."

"आबा," मी म्हटलं, "रस्त्यात बसलात, कुणाचं डोकं नाही फोडलंत. आणि असली नोंद, तर असू द्या. आपण खरं लिहू. खरं लिहून बंद पडलं तर पडू दे." हे म्हणताना मी हसत नव्हते. नऊ मुलं, सहा वर्षं. पण त्या माणसाला मरेपर्यंत ओट्यावर बसवून मला मान्यता नको होती, एवढं मला त्या क्षणी अगदी स्वच्छ कळलं.

आबांनी सही केली. मी मोबाईलवरून नवऱ्याला सांगितलं, तो तेवढंच म्हणाला, "म्हणजे नसरापूरला आता माफी मागायला जायचं का?"

फॉर्म भरला आणि तीन दिवसांनी पोलीस ठाण्यातून फोन आला, आजोबांना घेऊन या. रविवार होता, पाळणाघर बंद. आबांनी ठेवणीतलं धोतर काढलं, टोपीला इस्त्री करायला लावली आणि पिशवीत एक टॉवेल, एक सदरा आणि गोळ्या घेतल्या. मी विचारलं, हे कशाला? "ठिवून घ्येतलं तर," म्हणाले. बाजारातून ठाण्याकडे जायचा सरळ रस्ता मी धरला तर ते थबकले. तेव्हा कळलं की भोरला आल्यापासून ते त्या रस्त्यानं कधी गेलेच नव्हते. दुकानात जाताना नदीकडून वळसा घालायचे. आम्हाला वाटायचं, चालायची आवड आहे.

ठाण्यात टेबलाशी एक तरुण मुलगी होती, वर्दीत. माझ्याहून बरीच लहान. तिनं आजोबा, बसा म्हटलं. आबा बसले नाहीत. टोपी हातात घेतली आणि तिनं काही विचारायच्या आधीच म्हणाले, "बाई, आधी लिवून घ्या. माज्यावर क्येस हाय."

ती दचकली. मग तिनं नाव, गाव विचारलं, संगणकात बघितलं. पुन्हा बघितलं. आत जाऊन साहेबांना विचारून आली. "आजोबा," ती म्हणाली, "तुमच्या नावावर काहीच नाही."

"असंल की. नीट बगा."

"बघितलं. काही नाही."

"धरनाच्या टायमाची."

"तेव्हा नुसतं बसवून सोडलं असेल तुम्हाला. गुन्हा दाखल केला नसेल. कुठलीच नोंद नाही तुमची."

मी देवाला हात जोडले. मला वाटलं आबा आता टोपी उडवतील. आबा कुठले. त्यांचा आवाज चढला. "नाव इचारून लिवून घ्येतलं व्हतं की. बापाचं नाव बी लिवलं. दिवसभर बसलो व्हतो म्या. च्या दिलाता." त्या मुलीनं बिचारीनं माझ्याकडे बघितलं. माझ्या सासऱ्यांवर गुन्हा नाही म्हणून माझे सासरे पोलिसांशी भांडत होते. मी ओठ इतके चावले की जिभेला रक्ताची चव आली. शेवटी तिनं त्यांना शांत करायला चहा मागवला, सोबत बिस्किटं. आबा त्या बशीकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "हेच व्हतं." आणि बसले.

परत येताना पुलाजवळ ते थांबले. मी विचारलं, "आता काय झालं? सुटलात की."

"वाडी पान्यात ग्येली," ते म्हणाले. "शेत ग्येलं. मला वाटायचं, कुटंतरी आपलं नाव लिवल्यालं हाय, आपन बसलो व्हतो म्हनून. वंगाळ हाय, पन हाय. त्ये बी न्हाई."

मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली. चालता चालता म्हटलं, "मला सांगा ना सगळं. कोण कोण होतं, कुठं बसला होतात." ते सांगायला लागले. घर येऊनही संपलं नाही, म्हणून आम्ही पुन्हा बाजाराकडे वळलो आणि ठाण्यावरून दोनदा गेलो. दुसऱ्या वेळी त्यांनी आत बघून हात केला.

दाखला मिळाला त्या दिवशी आबा घोंगडं गुंडाळून आत आले. नऊ पोरं त्यांच्यावर तुटून पडली. कंडक्टर बाईंची पोरगी लांब उभी, अजून रुसलेली. मग आली आणि त्यांच्या मांडीवर धपकन बसली. त्या दुपारी चाळीस पायल्यांतच सगळे गार. मी भांडी घासायला गेले आणि नळाखाली हात धरून गाणं म्हणायला लागले. माझा आवाज फाटका आहे, म्हणून पहिल्याच कडव्याला थांबले.

फेरतपासणीला बाई पुन्हा आल्या. अर्धं दार बघितलं, कुलूप बघितलं. नोंदवही चाळायला लागल्या आणि तिसऱ्या पानावर त्यांनी रुमाल तोंडाला लावला. मुलांना मोजायला सांगितलं. "एक, लाभ, दोन, तीन." बाईंनी आबांकडे बघितलं. आबा शांतपणे म्हणाले, "मापाची सुरवात एकट्यानं करू न्हाई, म्हनून लाभ. पोरांना दोनी ठिवायचंय, त्याला म्या काय करू?" बाई विचार करून म्हणाल्या, "घरी लाभ, शाळेत एक. पण दोन्ही एकदम नको." मुलांनी मान डोलावली. अजूनही दोन्ही एकदमच म्हणतात.

मग दुपारची झोप बघायला बाई थांबल्या. आबांनी माप धरलं. मी भिंतीशी उभी राहून बघत होते. पस्तिसाव्या पायलीला बाईंची मान पुढे आली. अडतिसाव्याला हातातलं पेन चटईवर पडलं. आबांनी मला डोळ्यांनी खुणावलं आणि पन्नासपर्यंत नेटानं मोजलं. बाई दहा मिनिटांनी जाग्या झाल्या, घड्याळात बघितलं, लाजल्या आणि कुठल्या नियमात बसलं कुणास ठाऊक, पण चहा घेतला.

मान्यतेचं पत्र मोबाईलवर आलं. मी ओट्यावर जाऊन आबांना सांगितलं, मान्यता मिळाली, आणि पुढच्या वर्षासाठी फक्त चार शिफारशी. मग वाचून दाखवल्या. पाण्याचा पिंप झाकावा. खेळणी आठवड्यातून दोनदा धुवावीत. नोंदवहीत फक्त पाळणाघरात येणाऱ्यांच्याच सह्या घ्याव्यात. मोबाईल खाली ठेवला.

"चार म्हनलीस," आबा म्हणाले. बोटाचं पेर धरून बसले होते. "तीनच झाल्या."

जन्मभर माप मोजलेल्या माणसाला कोण फसवणार. मी चौथी वाचली. मुलांची दुपारची झोप पूर्णपणे एका वृद्ध मदतनिसावर अवलंबून आहे. त्यांच्या अनुपस्थितीतली पर्यायी व्यवस्था करून कळवावे.

मला बाईंचा भयंकर राग आला. आमच्या घरचा चहा पिऊन हे लिहायचं. मी तसं बोलूनही दाखवलं.

"बाई शानी हाय," आबा म्हणाले. "राग कशाला? मापाडी म्हातारा झाला का शेजारी दुसरा बसवायचाच असतो. मलाबी असाच बसवला व्हता. उद्यापास्नं तू माप धर. म्या हितं बसतो."

तीन आठवडे ज्या माणसाला आत आणायला मी जिवाचा आटापिटा केला, तो आता आपण होऊन पुन्हा ओट्यावर बसला आणि मी त्याला थांबवू शकले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मधोमध बसले. हात जड होता, चाल मध्येच वर जायची. ओट्यावरून खाकरणं ऐकू आलं की मी सूर खाली आणायची. मुलं खिडकीकडे बघत होती. साठ झाले, ऐंशी झाले. एकेक डोळा मिटत गेला. सगळ्यात शेवटी कंडक्टर बाईंची पोरगी, माझा पदर मुठीत धरून. शंभराच्या पुढे किती गेले ते मला आठवत नाही, कारण मला समोरचं नीट दिसत नव्हतं.

मी बाहेर आले. आबांनी विचारलं, "किती लागलं?"

"पाऊण तास."

"व्हईल कमी," ते म्हणाले.

मी मोबाईल काढला आणि त्यांच्या शेजारी बसून उत्तर लिहायला लागले. सूचना मान्य, कार्यवाही सुरू केली आहे. त्यापुढे एक रकाना होता, कार्यवाही कधीपर्यंत पूर्ण होईल. मी आबांना विचारलं, इथं काय लिहू?

"लिव," आबा म्हणाले, "घाई न्हाई."

मी तसंच लिहिलं.